सोनूबाई तुर्की शिकते

वैशाख वद्य ११, शके १८५४

भागोजी भावोजी म्हणाले, "वयनी, बाईमाणसानं पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालू नये." बरं. घालत नाही तोंड. वहीत घालते. ही वही आमच्या ह्यांनी कस्टम हापिसातून आणलेली, अर्धी कोरी. मुळाक्षरंही त्यांनीच शिकवली, चुलीपुढे बसून, राखेत बोट फिरवून. ते गेले, वही राहिली आणि माझा राग राहिला.

झालं असं. माझा हरिश्चंद्र परवा आगबोटीने आला आणि आज पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने परत गेलासुद्धा. तुर्कांच्या मुलखात इझमीर म्हणून बंदर आहे, तिथे तो खलाशी होता. तिथेच लग्न केलं, आम्हाला कळवलं नाही. बायको गेल्या थंडीत तापाने गेली, तेही कळवलं नाही. परवा एकदम पोरगी पुढे उभी केली. आठ वर्षांची. केस तांबूस, पाय लांब, आणि नाक माझं. मधे जरा वाकलेलं, अगदी माझं. मी ते नाक बघितलं आणि सगळा राग विसरले. मग पुन्हा आठवला.

"आये," हरिश्चंद्र म्हणाला, "हिच्याशी मराठीच बोलायचं. तिकडली भाषा हिच्या तोंडातून येऊ द्यायची नाय. पावसाळाभर ऱ्हायली की विसरंल."

"तिकडं हिचं कोण हाय?"

"आजी हाय, आईची आई. हिला ठेवून जा म्हणत होती, रडत होती. पण म्हातारी आज हाय, उद्या नाय. पोर बापाची."

मी विचारलं, "पोरीला विचारलंस?" तेव्हा ते तोंड न घालण्याचं वाक्य आलं.

पोरीचं नाव मेलेक. भावोजींनी तिथल्या तिथे मालन करून टाकलं. म्हणे लग्नाच्या बोलण्यात बरं दिसतं. लग्न कोणाचं, तर हरिश्चंद्राचं. पलीकडच्या वाडीतली मथुरा त्याला सांगून आली आहे. पहिलीच्या चितेची राख निवली की नाही देवाला ठाऊक. तिकडे चिता नसते, पुरतात, पण मुद्दा तोच.

ज्येष्ठ शुद्ध ५

पोर बोलत नाही. जेवते, झोपते, मागच्या दारच्या कातळावर जाऊन समुद्राकडे बघत बसते. हवा आवडते तिला. भावोजी म्हणतात मुकी आहे. शेजारची चिमा म्हणते बाहेरचं काहीतरी लागलंय, अंगारा लावा. मी म्हटलं, तुझ्या जिभेला लाव, जरा दम पडेल.

मुकी कशी असेल. काल कोंबडीने तिच्या पायावर चोच मारली तर केवढं लांबलचक वाक्य बोलली कोंबडीला. कोंबडीसुद्धा थांबून ऐकत होती. मला एक अक्षर कळलं नाही. माझी नात कोंबडीशी बोलते आणि माझ्याशी नाही, याचा मला इतका संताप आला की रात्रीची पेज करपली.

आज ठरवलं. हरिश्चंद्राने सांगितलं की तिच्याशी मराठी बोला. मी तिच्याशी तुर्की बोलू नको असं त्याने कुठे सांगितलं. न सांगितलेलं मोडता येत नाही.

ज्येष्ठ शुद्ध ११

सुरुवात घरापासून केली. भिंतीवर हात मारला, छपराकडे बोट केलं, दोन्ही हात पसरले. पोर बघत राहिली. मग म्हणाली, "एव." घर म्हणजे एव. माझ्या हातात स्वर्ग आल्यासारखं झालं. मी तिला उचलायला गेले, कमरेत उसण भरली.

ज्येष्ठ वद्य २

आता घर मला सगळीकडून येतं. एव म्हणजे घर. एवदे म्हणजे घरात. एवे म्हणजे घरी, घराकडे. एवदेन म्हणजे घरातून. अगदी आपल्यासारखं, शब्दाला मागून शेपूट लावायचं. आपण घरात, घरी, घरातून म्हणतो तसंच. मला वाटलं होतं तुर्कांची भाषा म्हणजे काहीतरी डोंगराएवढं असणार. ही तर शेजारच्या वाडीतली निघाली. फरक एवढाच की ते "माझं"सुद्धा शेपटीलाच बांधतात. एविम म्हणजे माझं घर. एविमदे, माझ्या घरात. आपण माझ्या म्हणायला वेगळा शब्द वापरतो, ते वापरत नाहीत. काटकसरी लोक.

मेलेकला हे शब्द फार आवडतात. एविम, एविमदे, एविमदेन, शंभरदा म्हणून घेते माझ्याकडून. आपल्या घराची गोडी लागली पोरीला.

आज तिने मला हाक मारली. बाबाआन्ने. बाबा म्हणजे बाप, आन्ने म्हणजे आई, बापाची आई. आणि आईची आई ती आन्नेआन्ने. आपण दोघींना आजीच म्हणतो, कोण कुठली ते माणसाने समजून घ्यायचं. तिकडे नावातच लिहिलेलं. बाबाआन्ने ऐकून मी पडवीत बसून रडले. चिमाने विचारलं काय झालं, तर म्हटलं कांदा.

आषाढ शुद्ध ६

आज मी फार खूश आहे आणि फार चिडलेलीपण.

खूश यासाठी की तुर्कीत तो, ती, ते काहीच नाही. बाई असो, बुवा असो, मांजर असो, होडी असो, सगळ्यांना "ओ". मी किती वेळा विचारलं. भागोजी? ओ. चिमा? ओ. कोंबडी? ओ. म्हणजे भावोजींना आणि कोंबडीला एकच शब्द. मला इतकं हसू आलं की मेलेकपण हसली. पहिल्यांदा हसली. तिचे खालचे दोन दात वाकडे आहेत. गोड दिसतात.

चिडलेली यासाठी की भावोजींनी ऐकलं. "वयनी, पोरीला विसरायला लावायचं ठरलंय आणि तुमीच शिकताय?" मी म्हटलं, पावसात दुसरा धंदा काय मला. ते म्हणाले, "साठीला आलात. रामाचं नाव घ्या." मी म्हटलं, घेते, तुर्कीत. ते पाय आपटत गेले. त्यांचा पाय कातळावर निसटला तेव्हा मी तोंडाला पदर लावला, नाही म्हणणार नाही.

पुन्हा शिकवणीकडे. शेपटी नेहमी एकसारखी नसते. घरं म्हणजे एव्लेर, पण दारं म्हणजे कापिलार. ले की ला, ते मूळ शब्दाच्या आवाजावर. पातळ आवाजाला पातळ शेपूट, जाड आवाजाला जाड. मी चुकले की पोर कपाळाला हात लावते, अगदी शाळामास्तरासारखी. कान ऐकत गेला की आपोआप येतं. फुगडीत पाय कोणी मोजत नाही, तसंच.

आषाढ शुद्ध १४

वार म्हणजे आहे. योक म्हणजे नाही. आपल्यात "आहे"चं आहेस, आहेत, होती, किती सोंगं. तिकडे वार आणि योक, संपलं.

मेलेकने उदाहरणं दिली. आन्नेम योक, माझी आई नाही. आन्नेआन्नेम वार, माझी आजी आहे, आईची आई. ते म्हणताना तिने समुद्राकडे हात केला. मी म्हटलं, असू दे गो बाय, तिला उदंड आयुष्य मिळो, पण इथे बाबाआन्ने वार, की नाही? ती म्हणाली, वार. माझ्या हातावर हात ठेवला. त्या म्हातारीबद्दल मला वाईट वाटतं, पण तिने आठ वर्षं घेतलीच ना. मी अजून एक पावसाळासुद्धा पुरा घेतला नाही.

आषाढ वद्य ३

आज धडा नाही. वाऱ्याने केळी आडव्या झाल्या. भावोजी म्हणतात मालनचा पायगुण. वारा दर वर्षी कोणाच्या पायगुणाने येतो ते विचारलं, तर केळी उभ्या करायला गेले.

आषाढ वद्य ९

प्रश्न विचारायला मागे "मि" लावायचा, आपण "का" लावतो तसा. गेमी म्हणजे बोट. गेमी गेल्दी, बोट आली. गेमी गेल्दी मि? बोट आली का? रोज सकाळी पोर हाच धडा म्हणते. मी म्हणते, पावसात कुठली बोट, गेल्मेदी, आली नाही. हो, तेही शिकले, "नाही" त्यांचं क्रियापदाच्या पोटात असतं, बाहेर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अभ्यासाची चिकाटी बघावी या पोरीची.

श्रावण शुद्ध ४

तुर्कीत एक "मिश" आहे. तो कळल्यापासून मला वाटतं ही भाषा आमच्या वाडीसाठीच बनवली असणार. आपण डोळ्यांनी पाहिलं तर गेल्दी, आला. आणि पाहिलं नाही, कोणाकडून तरी ऐकलं, तर गेल्मिश, आला म्हणे. आपण म्हणे लावलं तर लावतो, नाहीतर तसंच ठोकून देतो. त्यांना लावावंच लागतं. मग माणसाला कळतं की हे सांगणाऱ्याने बघितलेलं नाही.

भावोजींचं सगळं बोलणं मिशमध्ये टाकलं पाहिजे. पोर बाहेरची म्हणे. तिने विहिरीला हात लावला म्हणून पाणी खारट झालं म्हणे. मथुराचा बाप म्हणतो की देवीचा होकार आल्याशिवाय असल्या घरात मुलगी देणार नाही म्हणे. हे शेवटचं मात्र खरं निघालं. चार घरांनी आमच्या विहिरीचं पाणी सोडलं आहे. पोर राहणार असेल तर गावदेवी नवलाईला कौल लावायचा, हरिश्चंद्र गणपतीला यायच्या आत. देवीने उजवा दिला तर पोर घरची. डावा दिला तर सावर्ड्याच्या बाजूला भावोजींची लांबची बहीण आहे, तिच्याकडे टाकायची.

टाकायची. हाच शब्द वापरला. मी चुलीतलं लाकूड हातात घेऊन उठले. मारलं नाही. पण उठले.

नारळी पौर्णिमा

मेलेक सकाळपासून बंदरावर. नारळ पाण्यात पडला तेव्हा टाळ्या वाजवत होती. चिमा म्हणाली, "आता बोटी सुरू व्हतील हो सोनूकाकी." तर पोर गर्रकन वळून चिमाकडे बघायला लागली. तिला काय कळलं कोणास ठाऊक. सण आवडला पोरीला. घरी येऊन तिने आपले जुने बूट पुसून दाराशी ठेवले.

भाद्रपद शुद्ध २

उजवा दिला. देवीने उजवा दिला. भावोजींचं तोंड बघायला हवं होतं.

सविस्तर लिहिते. काशीराम गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे सगळ्यांना माहीत. पण गुरव म्हणाला, "जिचं गाऱ्हाणं तिच्या तोंडून यायला हवं. तिला काय हवं ते तिनं सांगायचं, मी देवीला पोचवणार, आणि तेवढ्याचाच कौल. मला हिची भाषा येत नाय. मधे कोण उभं ऱ्हातंय?"

अख्ख्या गावात कोण उभं राहणार. मी उभी राहिले. पदर खोचून, छाती काढून. तीन महिने हसत होते ना मला.

मी मेलेकला समजावलं. देवी ऐकत्ये, काय हवं ते सांग. ती पुढे झाली. हात जोडले, आपल्यासारखे, मी शिकवलेत. आणि स्पष्ट बोलली: एवे गित्मेक इस्तियोरुम. आन्नेआन्नेम बेक्लियोर. घरी जायचंय मला. माझी आजी वाट बघत्ये.

आता एवढ्या लोकांपुढे पोर घाबरली असणार. घाबरलं की माणूस जुनं काहीतरी बोलून जातं. बाळंतपणात मी नाही का मेलेल्या आत्याला हाका मारत होते. तिच्या मनात काय आहे ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक. म्हणून मी तिच्या मनातलं सांगितलं. म्हटलं, "पोर म्हणत्ये, मला हितंच ऱ्हायचंय, बाबाआन्नेजवळ."

गुरवाने तेच देवीला सांगितलं. पाकळी पडली, उजवी. बायकांनी मेलेकला कुंकू लावलं. चिमाने कडेवर घ्यायला बघितलं, एवढी आठ वर्षांची घोडी. मेलेक माझ्याकडे बघत होती. आनंदाने बोलवेना तिला.

भाद्रपद शुद्ध ४

हरिश्चंद्र आला, गणपती बसला. तो खूश. मथुराचा बाप खूश. मोदक बरे झाले. मेलेकला बरं नसावं, बोलत नाही.

भाद्रपद शुद्ध ९

काय झालंय कळत नाही. मी सकाळी म्हटलं, गेमी गेल्दी मि? मीच विचारलं, तिच्या ऐवजी. ती म्हणाली, "आजी, पाणी तापलं." मराठीत. चांगलं स्वच्छ मराठीत. इतके दिवस हे मराठी कुठे लपवलं होतं?

हरिश्चंद्राने टाळी वाजवली. "बघ आये, मी म्हटलं होतं ना, विसरंल." मी त्याला म्हटलं, गप बस. का म्हटलं मला माहीत नाही. त्याने तिच्याशी तुर्कीत दोन शब्द बोलून बघितले, तिने त्यालाही मराठीत उत्तर दिलं. तो आणखी खूश. माझ्या अंगाचा तिळपापड.

भाद्रपद वद्य १

बाबाआन्ने म्हणत नाही. आजी म्हणते. सगळ्या गावातल्या पोरी आजीला आजीच म्हणतात, मला का लागावं ते. पण लागतं. दृष्ट काढली. चिमावर ओरडले, ती बिचारी नुसती फणसाच्या बिया मागायला आली होती. हरिश्चंद्रावर ओरडले. पितृपंधरवडा आहे म्हणून भावोजींवर ओरडता येत नाही, तेवढं राखून ठेवलं आहे.

भाद्रपद वद्य ८

आज विचारलं. कातळावर बसली होती, शेजारी जाऊन बसले आणि तिच्याच भाषेत विचारलं, मेलेक, काय झालं? राग आलाय का? शेपट्या सगळ्या बरोबर लावल्या, मला माहीत आहे.

तिने मराठीत उत्तर दिलं, माझ्याकडे न बघता. "मी घरी जायचं म्हटलं. तू हितं ऱ्हायचं म्हटलंस. मला कळत होतं."

मी उठून घरी आले.

इतका वेळ वही पुढ्यात घेऊन बसले आहे. कोणावर ओरडू? या घरात हरिश्चंद्र तिच्या तोंडातली भाषा काढू बघत होता, त्याला जमलं नाही. मी तीन महिने ती भाषा शिकले, प्रेमाने शिकले, आणि एका वाक्यात तिच्या तोंडातून काढून टाकली. ज्या एका माणसाला तिचं बोलणं कळत होतं त्यानेच ते खोटं करून सांगितलं. मग बोलून काय करायचं तिने?

आणि सगळे धडे आता डोळ्यांपुढे उभे राहतात. एवे, एवदेन, गेमी गेल्दी मि. अभ्यासाची चिकाटी म्हणे. सोनूबाई, तुझ्या अकलेला आग लागो.

आश्विन शुद्ध ११

दसरा होईपर्यंत थांबले. आज गुरवाकडे गेले. म्हटलं, "काशीराम, मी देवीला खोटं सांगितलं."

त्याला घाम फुटला. "काकी, हे मला कशाला सांगताय?"

"मग कोणाला सांगू? कौल मोडायचा कसा ते सांग."

म्हणाला, ज्याने चुकीचं गाऱ्हाणं घातलं त्यानेच गावासमोर येऊन देवीला खरं सांगायचं, नारळ ठेवायचा. मग नवा कौल.

घरी सांगितलं. हरिश्चंद्र ताडकन उठला. "आये, सगळं मार्गी लागलंय. मथुराच्या बापाला काय सांगू?"

"सांग, माझी आई खोटारडी हाय."

"तिकडं ती म्हातारी किती दिवस पुरणार?"

"माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान हाय, तूच म्हणालास. मी पुरणार नाय मग. हितं कशाला ठेवतोस?"

तो खाली बसला. भावोजी बोलले. त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं सगळं आज दिलं. लिहीत नाही. वही जळेल.

आश्विन शुद्ध १३

सगळं गाव आलं होतं. म्हातारी देवळात नाक घासणार म्हटल्यावर कोण चुकवील.

मी नारळ ठेवला आणि ठरवलं तसं तुर्कीत बोलले. तिचं गाऱ्हाणं तिच्याच भाषेत बिघडवलं होतं, तर नीटही त्याच भाषेत करायचं. मागे लोक खिदळले. हसू दे. मी म्हटलं, किझ एवे गित्मेक इस्तियोर, पोरीला घरी जायचंय. आन्नेआन्नेसी बेक्लियोर, तिची आजी वाट बघत्ये. मग म्हणायचं होतं, मी खोटं बोलले. आणि शब्द नाही. खोटं याला तुर्कीत काय म्हणतात ते मला माहीतच नव्हतं. घर, बोट, मासा, दार, पाणी, भाकरी सगळं शिकवलं होतं पोरीने. हा शब्द कधी लागलाच नव्हता आम्हाला. बेन, म्हणजे मी, एवढं म्हणून उभी राहिले. हरिश्चंद्राला शब्द येत होता. तो जमिनीकडे बघत होता.

मागून मेलेक म्हणाली, "यालान."

किती आठवड्यांनी. मी तिच्याकडे वळले नाही, वळले असते तर वाक्य पुरं झालं नसतं. म्हटलं, बेन यालान सोय्लेदिम. मग तेच मराठीत, सगळ्यांना कळेल असं. खिदळणं थांबलं.

गुरवाने पाकळ्या लावल्या. पोरीला पाठवू का. आम्ही बसलो. ऊन खांबावरून खाली उतरलं. आणि डावी पडली.

डावी. नकार. भावोजी हळूच म्हणाले, "देवीला कळतं वयनी."

माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी देवीला म्हटलं, "मी खोटं सांगितलं तेव्हा उजवा दिलास आणि खरं सांगितलं तेव्हा डावा. तूही माझ्यासारखीच. पोर गोड दिसली, ठेवून घ्यावीशी वाटली." गुरव म्हणाला, काकी, काकी. मी म्हटलं, "ठेवू नकोस. दोष काय तो माझ्या डोक्यावर टाक. पोर जाणार."

आणि नारळ तिथेच ठेवून निघाले. मेलेक माझ्या मागून चालत होती. उंबऱ्याशी तिने माझा पदर धरला.

आश्विन वद्य १

घरात भांडण, अंगणात भांडण, विहिरीवर भांडण. मी हरिश्चंद्राला एकच सांगितलं. अंगण माझ्या नावावर नाही, घर नाही, विहीर नाही, सगळं तुम्हा पुरुषांचं. पण आईच्या आशीर्वादाशिवाय मुलाला हळद लागत नाही. पोर बोटीत चढल्याशिवाय मी आशीर्वाद देणार नाही. मथुरा चांगली मुलगी आहे, माझं तिच्याशी वैर नाही. थांबेल वैशाखापर्यंत.

दोन दिवस तो समुद्राकडे बघत बसला, मेलेक बसते त्याच कातळावर. मग स्वतःच तार करायला गेला. त्याची नवी बोट पोर्ट सय्यदपर्यंत जाते. तिथे पोरीचा मामा येईल. परत आल्यावर मला म्हणाला, "म्हातारी बंदरापर्यंत पाठी आली होती आये. मी मागं बघितलं नाय." मी त्याला जेवायला वाढलं. ओरडले नाही, पहिल्यांदाच.

आश्विन वद्य ४

मेलेक पुन्हा शिकवते. आता येणारा काळ चालू आहे. जाईन, येईन, लिहीन. जाईन चांगलं येतं. येईनला तिची जीभ अडखळते, भाषा तिची असून. मी जोर केला नाही.

आज तिने तिकडची एक रीत सांगितली. कोणी प्रवासाला निघालं की घरच्या बाईने त्याच्या मागे पाणी ओतायचं. पाणी अडत नाही तशी त्याची वाट अडू नये, आणि वाहत पुन्हा घरी यावं. ती इझमीरहून निघाली तेव्हा आन्नेआन्नेने ओतलं होतं. मला म्हणाली, तू ओतशील ना, बाबाआन्ने?

मी हो म्हटलं. आपल्याकडे माणसाच्या मागे पाणी कधी ओततात ते तिला सांगितलं नाही.

आश्विन वद्य ६

गेली.

बंदरावर आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसेपर्यंत माझं बोट सोडलं नाही. जुने बूट घातले होते, पाय वाढलेत, चवड्यावर चालत होती. पडाव सुटला आणि मी तांब्या काढला. चिमाने माझा हात धरला. "काकी, येड लागलं काय? जित्या माणसामागं पाणी ओततात? मयत उचलल्यावर ओततात ते." सगळ्या बायका मागे सरल्या. भावोजींनी डोळे मिटले. एवढा सगळा समुद्र पुढे पडला होता आणि मी त्यात तांब्याभर पाणी घालणार, हेही कोणीतरी म्हणालं.

मी ओतलं. पडावातून पोर उभी राहून बघत होती, हरिश्चंद्राने तिला कमरेला धरलं होतं. तिने हात वर केला. मी वाळूत उतरून तांब्या भरला आणि पुन्हा ओतलं. एकदाच ओततात तिकडे, मला माहीत आहे, तिने सांगितलं होतं.

भावोजी म्हणाले, "वयनी, पुरे आता. लोक बघतायत."

मी तिसऱ्यांदा भरला.